नवे कपाट हा पसाऱ्यावरचा उपाय आहे का?

मोकळी भिंत :

घरात कपडे मावेनासे झाले, की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो आणखी एक कपाट करून घेण्याचा. माझे मत याच्या विरुद्ध आहे. कपाटाची आहे ती जागा हीच मर्यादा मानावी, तिच्यात नीट मावेल तेवढेच कपडे आणि सामान ठेवावे, आणि जे मावत नाही त्याच्यासाठी जागा शोधत बसण्याऐवजी त्यातले काय घरात राहावे याचा निर्णय करावा, असे मला वाटते.

पहिले कारण निव्वळ मापाचे आहे. हँगरवर टांगलेल्या कपड्यांसाठी कपाट साधारण ६० सेंटिमीटर खोल असावे लागते. म्हणजे १८० सेंटिमीटर रुंदीचे एक कपाट एक चौरस मीटरहून जास्त जमीन कायमची अडवते, आणि दार उघडून समोर उभे राहण्यासाठी जवळजवळ तेवढीच जागा मोकळी सोडावी लागते. लहान खोलीत हे नुकसान मोठे आहे आणि ते घरातल्या प्रत्येकाला रोज वावरताना सोसावे लागते. दुसरे म्हणजे, खोल फळीवर मागच्या रांगेत गेलेली वस्तू डोळ्यांआड होते, ती आपल्याकडे आहे याचाच विसर पडतो आणि गरज लागली की तीच वस्तू पुन्हा विकत आणली जाते. कपाट वाढले की ही मागची रांगही वाढते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एखादी वस्तू आपली झाली, की केवळ आपली आहे म्हणून ती अधिक मोलाची वाटू लागते. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. पुढे त्यांनी डॅनियल काहनेमन आणि जॅक नेच यांच्यासह केलेले प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत ज्यांना एक साधा मग देण्यात आला होता त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत, मग नसलेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. नुकत्याच हातात आलेल्या मगाबद्दल जर असे होत असेल, तर वर्षानुवर्षे कपाटात असलेल्या कोटाबद्दल आपण निःपक्षपाती निर्णय घेऊ शकू, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून बाहेरची, न बदलणारी मर्यादा हवी, आणि कपाटाच्या चार भिंती ती आयती पुरवतात.

पसाऱ्याचा परिणाम मनावरही होतो. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांच्या २०१० च्या अभ्यासात असे आढळले, की ज्या स्त्रियांनी आपल्या घराचे वर्णन पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे अशा अंगाने केले, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक दिवस सरताना जसे उतरायला हवे तसे उतरत नव्हते. या विषयावर वेगळे मत असणाऱ्यांनी ते जरूर मांडावे.

रंधा :

आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. वस्तू जास्त आहेत असे म्हणण्याआधी कपाट आतून कसे बनवले आहे ते पाहायला हवे, आणि तेच सहसा कोणी पाहत नाही. बहुतेक कपाटांत वर एक फळी, तिच्याखाली एक दांडी आणि तळाशी मोकळी पोकळी एवढीच रचना असते. टांगलेल्या शर्टाला उंची लागते ती सुमारे एक मीटर. दांडी दोन मीटरवर असेल तर खालची अर्धी जागा हवा साठवते, आणि मग तिथे पिशव्या, खोकी, न लागणाऱ्या चपला यांचा ढीग होतो. त्याच कपाटात एकाखाली एक अशा दोन दांड्या लावल्या, तर आखूड कपड्यांची टांगण्याची जागा दुप्पट होते. लांब कपड्यांसाठी एका बाजूचा अरुंद खण पूर्ण उंचीचा ठेवला म्हणजे झाले.

फळ्यांचेही तसेच आहे. दोन फळ्यांत ४० ते ४५ सेंटिमीटर अंतर असेल तर घड्यांची चळत उंच होते, खालची घडी ओढली की वरच्या सगळ्या कोसळतात, आणि दोन दिवसांत कपाट पुन्हा विस्कटते. घरातले लोक स्वतःला बेशिस्त म्हणवून घेतात, पण दोष फळीच्या अंतराचा असतो. २५ ते ३० सेंटिमीटर अंतर घड्यांना पुरेसे आहे. शिवाय लांब फळी मधून वाकते. एकूण वजन तेच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर तिचा बाक आठपट होतो, आणि पार्टिकल बोर्डमध्ये, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीत, तो कालांतराने आणखी वाढत जातो. एक उभी फळी मधोमध दिली तर वाकणेही थांबते आणि दोन माणसांचे कप्पेही आपोआप वेगळे होतात.

एक इशारा देणे आवश्यक आहे. जागा वाचवण्यासाठी उंच आणि कमी खोलीचे सुटे कपाट घेतले तर ते भिंतीला स्क्रूने जखडलेच पाहिजे. खालचे खण एकदम बाहेर ओढले किंवा लहान मूल त्यावर चढले तर असे कपाट पुढे कलंडते, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

तेव्हा आपण ज्याला मर्यादा म्हणता, ती अनेक घरांत सुताराने किंवा कारखान्याने घाईने ठरवलेली मर्यादा आहे. तिला प्रमाण मानून चांगल्या वस्तू घराबाहेर काढणे मला पटत नाही.

अबोली :

मूळ लेखातील सगळी मांडणी अशा माणसाची आहे, ज्याच्या घरात निर्णय एकट्याने घेता येतो. पाच माणसे आणि दोन कपाटे असलेल्या घरात "काय राहावे याचा निर्णय करावा" या वाक्याचा अर्थ काय होतो, याचा विचार त्यात दिसत नाही. तिथे निर्णय करतो तो ज्याचा आवाज मोठा तो, आणि आवरते ती जिच्यावर आवरण्याचे काम आधीपासूनच पडलेले आहे ती. आपण उल्लेख केलेला कॉर्टिसॉलचा अभ्यास याच संदर्भात वाचायला हवा. पसारा दिसला की तो आपल्यालाच आवरायचा आहे ही जाणीव ज्या व्यक्तीला होते, तिला त्याचा त्रास अधिक होणार. तो त्रास वस्तूंच्या संख्येपेक्षा कामाच्या वाटणीतून येत असावा, असे मला वाटते.

दुसरा मुद्दा पैशाचा आहे आणि तो मला फार जवळचा वाटतो. वस्तू काढून टाकण्याचा सल्ला त्याला सोपा वाटतो, ज्याला ती लागल्यावर पुन्हा विकत घेता येते. वाढत्या वयाच्या मोठ्या मुलाचे कपडे धाकट्यासाठी ठेवणे, निघालेली बटणे, जुन्या चेन आणि उरलेले कापड दुरुस्तीसाठी जपणे, घरातील आजारी माणूस बरा झाल्यावरही त्याची कुबडी किंवा उशांचा संच सांभाळणे, हे सगळे आपल्या हिशेबात पसाऱ्यात जमा होईल. ज्यांचे उत्पन्न अनिश्चित असते त्यांच्यासाठी ही उद्याची तरतूद असते.

आणि घराबाहेर काढलेली वस्तू जाते कुठे? वस्तूंच्या पुनर्वापरासाठी काम करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार कपडे बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साहित्यापैकी १ टक्क्यापेक्षाही कमी साहित्य पुनर्प्रक्रिया होऊन पुन्हा कपड्यांच्या रूपात परत येते. म्हणजे आपले कपाट मोकळे झाले तरी ते कापड बहुतांशी कचऱ्यात किंवा जाळण्याच्या भट्टीतच पोहोचते. कोणाला तरी देऊन टाकले असे म्हणताना, घेणाऱ्याला ते खरोखर हवे होते का आणि ते अंगावर घालण्याच्या स्थितीत होते का, हे आपण विचारत नाही. मळलेले, विरलेले कपडे दुसऱ्याच्या दारी नेऊन देणे म्हणजे आपला निर्णय त्याच्या गळ्यात टाकणे आहे. माझ्या मते कपाट जेवढे मोठे करता येईल तेवढे करावे, आणि वस्तू झिजेपर्यंत वापराव्यात.

मोकळी भिंत :

रंधा यांनी सांगितलेली आतली रचना आधी सुधारावी, हे मला मान्य आहे, आणि माझ्या भूमिकेशी त्याचा विरोध नाही. दोन दांड्या लावल्यानंतर जी जागा होईल तिलाच मी मर्यादा म्हणेन. मात्र ती जागाही भरतेच, आणि तेव्हा प्रश्न पुन्हा तोच उरतो.

अबोली यांच्या मुद्द्याला थोडे सविस्तर उत्तर देणे भाग आहे. झिजेपर्यंत वापरावे हे तत्त्व मलाही पटते, परंतु कोंबलेल्या कपाटातील कपडे वापरले जात नाहीत आणि टिकतही नाहीत. कपडे खाणाऱ्या कसरीच्या अळ्या लोकर, रेशीम, फर अशा प्राणिजन्य धाग्यांतील केराटिनसारख्या प्रथिनांवर जगतात. त्यांना अंधार, शांतता आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग हवे असतात, आणि महिनोन्‌महिने न हललेल्या चळतीच्या तळाशी हे सगळे त्यांना मिळते. डांबराच्या गोळ्या टाकून काम भागते असे अनेकांना वाटते. त्या गोळ्यांची वाफ घट्ट बंद जागेतच पुरेशी साचते, ती हवेपेक्षा जड असल्याने गोळ्या कपड्यांच्या वर ठेवाव्या लागतात, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या मुळीच ठेवू नयेत, कारण ती वाफ काही बाळांच्या रक्तपेशींना घातक ठरते.

ओलाव्याचेही तसेच. बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेल्या आणि गच्च भरलेल्या कपाटात हवा खेळत नाही, थंड भिंतीवर दमटपणा साचतो आणि बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला कपडा किंचित ओलसर असेल तर ओल आतच राहते. हवा काढून चपट्या केलेल्या पिशव्यांत पिसांची किंवा लोकरीची पांघरुणे दीर्घ काळ दाबून ठेवली तर त्यांचा फुगीरपणा कमी होतो, आणि ऊब त्या फुगीरपणावरच अवलंबून असते. जपून ठेवायचे असेल तर मोकळे ठेवावे लागते, आणि मोकळे ठेवायचे असेल तर कमी ठेवावे लागते. धाकट्यासाठी ठेवलेले कपडे त्याच्या मापाला येतील तेव्हा डागाळलेले निघाले, तर तरतूद कोणाच्या उपयोगी पडली?

नोंदवही :

मी दोन्ही बाजूंचे वाचले. सॅक्सबी आणि रेपेटी यांच्या अभ्यासाबद्दल सावध राहायला हवे. त्यात ३० जोडपी होती आणि आढळला तो परस्परसंबंध. पसाऱ्यामुळे ताण वाढतो, की आधीच थकलेल्या माणसाला आवरणे जमत नाही आणि घर अधिक विस्कटलेले दिसते, हे त्यावरून ठरवता येत नाही. अबोली यांनी लावलेला अर्थ शक्य आहे, पण तोही त्या अभ्यासाने सिद्ध झालेला नाही.

एक गंभीर बाब इथे कोणीच मांडलेली नाही. काही व्यक्तींना वस्तू टाकणे खरोखर अशक्य होते, टाकण्याच्या कल्पनेनेच तीव्र यातना होतात, आणि खोल्या त्यांच्या मूळ कामासाठी वापरता येत नाहीत इतक्या भरतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत याला स्वतंत्र विकार म्हणून स्थान दिले. अशा माणसाला कपाटाची मर्यादा समजावून सांगणे निरुपयोगी आहे, आणि तो घरी नसताना त्याचे घर रिकामे करणे तर क्रूरपणा आहे. त्याने विश्वास तुटतो आणि साठवणे थांबत नाही. त्याला प्रशिक्षित उपचारकाची मदत लागते. ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांनी या चर्चेतील कोणताही नियम त्यांच्यावर लादू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

दोन खणी :

मी मोकळी भिंत यांच्या बाजूने आहे, पण त्यांचा नियम मला अपुरा वाटतो. एकत्र राहणाऱ्या घरात मर्यादा सर्वांची मिळून एक असून चालत नाही. प्रत्येकाचा खण वेगळा हवा आणि त्या खणात काय असावे याचा निर्णय फक्त त्याचाच हवा. आमच्या घरी हे ठरल्यापासून दुसऱ्याच्या वस्तूंवरून होणारे वाद जवळपास संपले. खरा तंटा उरतो तो सामाईक जागेचा. पाहुण्यांची अंथरुणे, प्रवासाच्या पेट्या, अवजारे, कागदपत्रे यांना मालक नसतो, आणि ज्याला मालक नाही ते सामान वाढतच जाते. अशा प्रत्येक गटाची जबाबदारी घरातल्या एकेकाने नावानिशी घ्यावी.

अबोली :

दोन खणी यांची सूचना मला मनापासून आवडली, कारण तिच्यात निर्णयाबरोबर कामही वाटले जाते. मात्र खण समान असावेत का, याविषयी माझा आक्षेप आहे. कामावर गणवेश घालून जाणाऱ्याला आणि घरून काम करणाऱ्याला, किंवा लहान मुलाला आणि आजारी वृद्धाला सारखीच जागा देणे न्याय्य नाही. वृद्धांचे कपडे कमरेच्या आणि खांद्याच्या मध्ये येतील अशा फळीवर असावेत, मग तरुणांना माळ्यावर चढावे लागले तरी चालेल.

कसर आणि बुरशीविषयी सांगितलेले खरे आहे, पण त्यावर उपाय धुऊन, पूर्ण वाळवून, ऋतू बदलताना एकदा सगळे बाहेर काढून झटकणे हा आहे. हे काम घरातल्या सगळ्यांनी मिळून केले तर ते ओझे होत नाही. त्याच वेळी प्रत्येक कपडा हाताखालून जातो आणि विरलेले काय, लहान झालेले काय, हे कोणी न सांगता कळते. टाकण्याचा निर्णय तेव्हा व्हावा. कपाट भरले म्हणून मात्र तो होऊ नये.

मोकळी भिंत :

कागदपत्रे, औषधोपचाराची साधने आणि दुरुस्तीचे सामान माझ्या मर्यादेतून वगळायला माझी हरकत नाही, आणि वृद्धांच्या फळीबद्दलचे म्हणणे पूर्णपणे योग्य आहे. कपड्यांच्या बाबतीत मात्र मी माझ्या मतावर कायम आहे. अबोली यांनी ज्या अहवालाचा आधार घेतला, त्याच अहवालात कपड्यांचे जागतिक उत्पादन आधीच्या सुमारे १५ वर्षांत दुप्पट झाल्याचेही म्हटले आहे. ऋतूतून एकदा आवरताना जेवढे बाहेर जाईल त्याहून अधिक त्याच ऋतूत घरात आले, तर मोठे कपाटही पुरणार नाही. विकत घेणाऱ्याला दुकानात उभे असताना आपला खण भरलेला आहे हे आठवावे, यासाठीच मला ती मर्यादा हवी आहे.

रंधा :

मग निदान तो खण उघडताच सगळे दिसेल असा बनवून घ्या. घडीच्या कपड्यांसाठी ६० सेंटिमीटर खोल फळीची गरज नसते, ३५ ते ४० सेंटिमीटर पुरतात, आणि तेवढ्या खोलीत मागची रांग तयारच होत नाही. आधीच खोल कपाट असेल तर फळ्यांच्या जागी पूर्ण बाहेर येणारे सरकते खण बसवावेत. त्यांच्या पट्ट्या घेताना किती किलो वजन पेलतात ते तपासून घ्यावे, कारण कपड्यांनी भरलेला खण वाटतो त्यापेक्षा बराच जड असतो.