अनुभव धागा : पन्नाशीनंतर, दुखापती सांभाळत ग्रुपबरोबर धावणे

धावण्याच्या बहुतेक ग्रुपचा आठवडा एकाच साच्याचा असतो: मंगळवारी इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत वेगाने धावण्याचे छोटे टप्पे), गुरुवारी टेम्पो (बराच वेळ टिकवता येईल अशा जलद वेगाचे सलग धावणे) किंवा चढ, रविवारी लाँग रन (लांब पल्ल्याचे धावणे). तिशीतल्या शरीराला हा आठवडा पेलतो; साठीकडे झुकलेल्या आणि पोटरी, टाच किंवा गुडघा वारंवार दुखावणाऱ्या माणसाला तो पेलेलच असे नाही. तरीही ग्रुप सोडावासा वाटत नाही. या दोन्हींची सांगड तुम्ही कशी घातली, हे कृपया तपशिलाने लिहावे. सुरुवात मी करतो.

पुणे, वय 61

माझे दुखणे टाचेच्या वरच्या कंडरेचे (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीसारख्या भागाचे), म्हणजे अकिलिसचे आहे. कंडरेला रक्तपुरवठा कमी असल्याने ती स्नायूंपेक्षा फार सावकाश बळकट होते. त्यामुळे दम आणि मांड्या तयार असल्या तरी टाच तयार नसते, आणि वेगाच्या सरावात नेमकी तीच दुखावते. फिजिओथेरपिस्टने मला पायरीच्या कडेवर उभे राहून टाच हळूहळू खाली नेण्याचा व्यायाम दिला. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मांडलेली ही पद्धत आहे: गुडघा सरळ ठेवून 15 च्या तीन फेऱ्या, गुडघा किंचित वाकवून तेवढ्याच, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. एकट्याने घरी हे निभावणे कठीण असते. आमच्या कोचनी मला मंगळवारी मैदानावर येऊन तिथल्या पायरीवरच व्यायाम करायला सांगितले. इतरांचे इंटरव्हल चालू असताना ते मधूनमधून येऊन माझी टाच कशी खाली जाते ते पाहत असत. मला त्या लक्ष देण्याचे मोल फार वाटते.

आता मी सात दिवसांऐवजी दहा दिवसांचे चक्र धरतो. त्यात वेगाचा सराव एकदाच, लाँग रन एकदाच, आणि बाकीचे धावणे सहज गप्पा मारता येतील इतक्या वेगाने. वेताळ टेकडीचा चढ मी चालत चढतो, कारण चढावर अकिलिसवर जास्त ताण येतो. माथ्यावर ग्रुप माझी वाट पाहतो, हे मात्र त्यांनी आपणहून ठरवले.

मुंबई, वय 57

रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता कमी होते, हे ऐकून होते. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला तेव्हा त्याचा अर्थ कळला. बरी झाल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने मी ग्रुपमध्ये परतले आणि 1972 च्या ऑलिंपिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे यांची धावत-चालत जाण्याची पद्धत स्वीकारली: चार मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे, तेही पहिल्या किलोमीटरपासून, दमल्यावर नव्हे. सुरुवातीला मी एकटीच अशी होते. हळूहळू आमची वेगळी तुकडीच तयार झाली आणि कोचनी तिला स्वतंत्र पेसर (ठरलेला वेग राखत सोबत धावणारा) दिला. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो, तेव्हा या सुरुवातीपासूनच्या चालण्याचा फायदा स्पष्ट जाणवतो. वजनांचा व्यायाम मी आठवड्यातून दोनदा करते आणि त्याला धावण्याइतकेच महत्त्व देते.

टोरांटो, वय 66

थोडे वेगळे मत मांडतो. आमच्या भागातील एड व्हिटलॉक यांनी 2004 मध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी, मॅरेथॉन 2 तास 54 मिनिटे 48 सेकंदांत पूर्ण केली. त्यांचा सराव मिल्टन गावातल्या दफनभूमीच्या रस्त्यांवर, एकट्याने, संथ वेगाने, कधीकधी सलग तीन तास चाले, आणि गुडघे दुखू लागले की ते दीर्घ काळ थांबत. त्यामुळे एकट्याचा संथ सरावही वाया जात नाही, असे मला वाटते. मी आठवडाभर एकटा धावतो आणि फक्त रविवारी क्लबबरोबर जातो, कारण समोर कोणी असले की माझा वेग नकळत वाढतो.

सातारा, वय 54

माझा गुडघा यवतेश्वर घाटाच्या उतारावर दुखतो, म्हणून चढ ग्रुपबरोबर धावतो आणि खाली कोणाच्या तरी गाडीतून येतो. धावणे पूर्ण बंद होते त्या महिन्यांत मी रविवारी पाणी आणि केळी घेऊन घाटात उभा राहत असे. त्यामुळे ओळखी टिकल्या, आणि परतल्यावर पहिले काही आठवडे सर्वांत मागच्या तुकडीबरोबर धावताना संकोच वाटला नाही.