प्रतिसाद: शॉकॲबच्या स्प्रिंगला पावडर कोटिंगच बरं

गाडीच्या शॉकॲबची (शॉक ॲब्सॉर्बरची) गंजलेली स्प्रिंग ॲसिडमध्ये बुडवून गंज काढा आणि परत क्रोम मारून (क्रोमचं प्लेटिंग करून) घ्या, असा सल्ला वर कुणीतरी दिलाय, तो मला अजिबात पटत नाही. ॲसिड आणि प्लेटिंग या दोन्हींत हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि स्प्रिंगचं कडक पोलाद त्यानं ठिसूळ होतं. प्लेटिंगनंतर लगेच काही तास साधारण २०० अंशांवर भाजून तो बाहेर काढावा लागतो. आपल्याकडे क्रोमवाल्याला हे सांगितलं तर तो करेलच याची खात्री नाही. अशी स्प्रिंग दिसायला चकाचक असते, पण रस्त्यावरच्या एखाद्या खड्ड्यात तुटू शकते.

२०१९ च्या महापुरात आमची गाडी सांगलीत पाण्याखाली होती. स्प्रिंगचा खालचा वेढा जिथं तिच्या बैठकीच्या वाटीवर टेकतो तिथं चिखल अडकून सगळ्यात जास्त गंज धरला होता. कुपवाड एमआयडीसीत बारीक वाळूनं ब्लास्टिंग करून (वाळूचा जोरात मारा करून गंज काढून) पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला कोरड्या पावडरीचा रंग, करून घेतलं. भट्टी १८०-२०० अंशांची असते, तेवढ्यानं स्प्रिंगचा ताव (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरत नाही. पण डँपर (स्प्रिंगच्या आतली तेलाची नळी) आधी सोडवून बाजूला काढायचाच, त्यातलं तेल आणि सील भट्टीत टिकत नाहीत. स्प्रिंग सोडवायला स्प्रिंग कॉम्प्रेसर (ती दाबून धरणारं अवजार) हवाच, पान्यानं खटपट करू नका, उडाली तर हात जाईल.

ब्लास्टिंग झाल्यावर तारेवरून नख फिरवून बघा. गंजानं पडलेल्या खड्ड्यात नख अडकलं तर रंगाला पैसे घालू नका, नवीन जोडी घ्या. तडा तिथूनच सुरू होतो.