रातचं ओलित अन् दिवसा झोप काऊन येत नाही?

कास्तकार_पोट्टा: या आठवड्यात शेतातल्या मोटारीची थ्री फेज लाइन (वीज) रातची हाय, रातभर हरभऱ्याले पाणी द्या लागते, सकाळी घरी येऊन पडलो की डोळे जळतात पण झोपच लागत नाही. एवढं थकल्यावर तर पडल्याबरोबर झोप याले पाह्यजे ना बाप्पा?

बायोवाली_मॅडम: थकवा वेगळा अन् मेंदूतलं घड्याळ वेगळं. जागेपणी मेंदूत अडेनोसिन साचते, त्यानं झोपेचा जोर वाढते, हे खरं. पण मेंदूच्या तळातल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागामंधी साधारण 20,000 पेशींचा एक गठ्ठा हाय, तेच हे घड्याळ, तो डोळ्यातून येणाऱ्या उजेडावर आपली वेळ लावते. सकाळचं ऊन दिसलं की मेलाटोनिन (रात झाल्याचा इशारा देणारं हार्मोन) कमी, म्हणजे मेंदू म्हणते दिवस निंगाला, उठा! या घड्याळाच्या जनुकांवरच्या (जीन्स) कामाले 2017 चं नोबेल भेटलं, तेही फळावरच्या चिलटांवर केलेल्या कामाले.

मोटारवाला: च्या किती पेतं रातच्याले ते सांग आधी

कास्तकार_पोट्टा: थर्मास भरून नेतो भाऊ 😅

बायोवाली_मॅडम: मंग झालंच. च्यातलं कॅफिन अडेनोसिनची जागा अडवते, अन् पाच-एक घंट्यानंही त्यातलं अर्धं अंगात राह्यते. पहाटेचा च्या सोडा, झोपायच्या खोलीत पुरा अंधार करा.

मोटारवाला: अन् लाइन दिवसाची मागा, बाकी सारं नंतर