मदत हवी आहे: एमएस आणि डोळ्यांच्या टेस्ट

माझ्या धाकट्या बहिणीला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होण्याचा आजार) आहे, मार्चमध्ये उजव्या डोळ्याला ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्याच्या नसेला सूज) झाला होता, स्टेरॉइडनंतर नजर ६/६ आली म्हणून डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, पण तिला त्या डोळ्याने लालभडक कुंकू विटकरी दिसतं आणि गरम पाण्याने अंघोळ केली की थोडा वेळ धूसर होतं. व्हीईपीमध्ये (डोळ्याकडून मेंदूपर्यंत सिग्नल किती वेळात पोचतो ती टेस्ट) पी१०० म्हणजे मेंदूत उमटणारी सिग्नलची लाट, तिचं टायमिंग उजवीकडे १३२ मिलिसेकंद आलं, डावीकडे १०२, म्हणजे सिग्नल उशिरा पोचतोय एवढं कळलं. आता न्यूरोलॉजिस्टनी ओसीटी (डोळ्याच्या आतलं स्कॅन) सांगितलंय, डोळ्याच्या पडद्यावरच्या नसेच्या थराची जाडी मोजायला. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा, अ‍ॅटॅकनंतर किती महिन्यांनी केलं, आणि पुढच्या वेळी त्याच मशीनवर केलं का? फिकट अक्षरांचा कॉन्ट्रास्ट चार्ट पुण्यात कुठे करतात? तिची फार काळजी वाटतेय.