मदत हवी आहे: मोनॉन बेलचा सामना बघायला जायचंय

नमस्कार मंडळी, इंडियाना राज्यात कुणी आहे का? भाचा वॉबॅश कॉलेजात शिकतो. शनिवारी त्यांचा डीपॉ विद्यापीठाशी अमेरिकन फुटबॉलचा सामना आहे, ग्रीनकॅसलला. यंदा नॉर्थ कोस्ट कॉन्फरन्सचं (दोन्ही कॉलेजं ज्या गटात खेळतात त्याचं) विजेतेपदही यावरच ठरणार, त्यामुळे पोरगं आठवडाभर जमिनीवर नाही!

दोन्ही कॉलेजं छोटी, डिव्हिजन तीनमधली, म्हणजे कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतली. खेळाडूंना खेळासाठी शिष्यवृत्तीसुद्धा नसते. पण वैर 1890 पासूनचं, आणि 1932 पासून जिंकणाऱ्याला मोनॉन रेल्वेच्या इंजिनाची घंटा मिळते. वजन 300 पौंड, अर्धी लाल, अर्धी सोनेरी. जिंकलेली पोरं ती बडवून बडवून गाव जागं करतात म्हणे. मला ते बघायचंच आहे.

आईबाबाही सोबत येताहेत, दोघंही सत्तरीपुढचे. म्हणून विचारतेय: तिकिटं दारावर मिळतात की आधीच काढावी लागतात? वॉबॅशवाल्यांची बाजू कुठली? पाठ टेकायला जागा असते का, की नुसते बाक? गाडी किती लांब लावावी लागते? नोव्हेंबरच्या थंडीत बाबांचे गुडघे फार धरतात, त्यामुळे पांघरूण, थर्मास आत नेऊ देतात का तेही सांगा.

जाऊन आलेल्या कुणीतरी लवकर कळवा, प्लीज.