मदत हवी आहे: पित्ताची गोळी पहाटे चारला, पहिला घास अकराला. वेळ कशी बसवावी?

नमस्कार मंडळी. आईसाठी विचारतोय. वय ६२, आम्ही मालवणजवळचे. आई मासळीबाजारात बसते. लिलावाआधी बंदरावर पोचायचं म्हणून पहाटे साडेतीनला उठते.

गेल्या उन्हाळ्यात तिला छातीत जळजळ सुरू झाली. रात्री आडवी झाली की घशाशी आंबट पाणी येतं, पहाटे कोरडा खोकला. ईसीजी काढून घेतला, तो व्यवस्थित आला. डॉक्टरांनी पँटोप्राझोल ४० (आम्ल कमी करणारं) आणि डोमपेरिडोन (जठरातलं अन्न पुढे ढकलणारं) एकत्र असलेली कॅप्सूल दिली, सकाळी उपाशीपोटी एक. आता ते म्हणतात, फरक नसेल तर दिवसातून दोनदा घ्या. तिथेच माझं मन अडलंय.

कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत आई घरी होती. तेव्हा साडेसातला कॅप्सूल, आठ-सव्वाआठला घावणे नाहीतर उकड्या तांदळाची पेज आणि दिवेलागणीनंतर लवकर जेवण, असा दिवस होता. त्या काळात तिला खरंच आराम होता. ऑगस्टमध्ये बाजार सुरू झाला आणि त्रास परत आला. कॅप्सूल तीच, मात्रा तीच.

आता तिचा दिवस असा: उठल्याबरोबर थायरॉईडची गोळी आणि ही कॅप्सूल एकदमच, वर कोरा चहा. मग गिऱ्हाईक ओसरलं की अकराच्या सुमारास टोपलीशेजारीच भाकरी आणि रात्रीचं उरलेलं तिखलं. मधल्या वेळात जळजळलं की चघळायच्या अँटासिड गोळ्या. दुपारी घरी येऊन थोडी पेज. खरं जेवण रात्री नऊला: भात, आमटी, तळलेला बांगडा, सोलकढी. साडेनऊला अंथरूण. "गोळीयेन काय एक फरक पडाक नाय," म्हणते आणि बंद करायला निघते.

मी वाचून जे समजून घेतलं ते असं. जठरात आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात आणि पँटोप्राझोल चालू असलेल्या पंपांनाच बंद करतं. पंप जोमाने चालू होतात ते जेवणाने. म्हणून जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायचं. हे बरोबर असेल तर आईचं "उपाशीपोटी" पाळलं जातंय, पण त्यामागून यायचं जेवण येतच नाही. मग मात्रा दुप्पट करण्याआधी वेळ बदलून पाहावी का? बाजारात साडेदहाला तिला आठवण राहणार नाही, हात मासळीत असतात. रात्रीच्या जेवणाआधी दिली तर चालते का? आणि सोलकढी पित्तावर चांगली असं घरात सगळेच मानतात, ती रात्री द्यावी का?

प्रतिसाद

माझं कुडाळला मेडिकल आहे, हा प्रश्न रोज काउंटरवर येतो. बंदीतला अनुभव डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा, त्यांना तो फार उपयोगी पडेल.

तुमचं वाचन बरोबर आहे. पँटोप्राझोल रक्तात निम्मं व्हायला साधारण एक तास लागतो. पंपाला एकदा चिकटलं की परिणाम दिवसभर राहतो, पण चिकटायला पंप चालू हवा. चारला घेतलेली कॅप्सूल अकरापर्यंत जवळजवळ संपलेली असते. मोठं जेवण रात्री आणि त्रासही रात्री, अशा पेशंटला डॉक्टर रात्रीच्या जेवणाआधीची वेळ देतात, तसं विचारा. वेळ बदलल्यावर एका दिवसात निकाल काढू नका, पूर्ण परिणामाला तीन ते पाच दिवस लागतात. कॅप्सूल फोडून किंवा चावून देऊ नका, आतल्या औषधावरचं आवरण जठरातल्या आम्लापासून त्याला वाचवतं.

थायरॉईडची गोळी पहाटे एकटीच, साध्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासाने. त्या अँटासिड गोळ्यांत कॅल्शियम, ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असतं, थायरॉईडचं औषध त्यांना बांधलं जातं आणि अंगी लागत नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. पित्ताचं औषध लांबलं असेल तर टीएसएचही (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या.

डोमपेरिडोनबद्दल मुद्दाम विचारा. साठीनंतर त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो. रोज लागतंय का, हे डॉक्टरांनी ठरवावं. घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच, उलटीत रक्त यातलं काहीही दिसलं तर वेळापत्रक बाजूला ठेवा आणि दुर्बिणीची तपासणी करून घ्या.

प्रतिसाद

माझे वडील तांडेल (मासेमारी होडीचे प्रमुख), तेही असेच अवेळी जेवणारे. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला तो जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवल्याने. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा ते आठ इंचांचे लाकडी ठोकळे दिले. नुसत्या उशा रचू नका, पोट दुमडतं आणि आंबट पाणी उलट जास्तच वर येतं. डाव्या कुशीवर झोपायचं.

सोलकढीबद्दल: कोकम आंबट आणि नारळाच्या रसात स्निग्धांश भरपूर. स्निग्ध पदार्थ जठरात जास्त वेळ राहतात. कुणाला चालते, कुणाला नाही. रात्रीची बंद करून दुपारी द्या आणि आठवडाभर बघा. तळलेला बांगडाही दुपारी, रात्री तोच आमटीत. आई मशेरी लावत असतील तर तेही तपासा, तंबाखूने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी, जठराच्या तोंडावर असलेला स्नायू सैल पडतो. माझ्या आईची ती सुटायला वेळ लागला, पण सुटली.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मशेरी आहे, दिवसातून दोनदा, हे मी वर लिहायलाच हवं होतं. बुधवारी डॉक्टरांकडे हा सगळा दिवस कागदावर लिहून नेतोय, डोमपेरिडोन आणि टीएसएचसकट. त्यांनी हो म्हटलं तर संध्याकाळी सहाला कॅप्सूल, पावणेसातला जेवण. पहाटे निघताना डब्यात दोन घावणे देणार, म्हणजे अकरापर्यंत पोट रिकामं राहणार नाही.

एकच अडचण उरते. बाबा साडेआठला घरी येतात आणि आई त्यांच्याशिवाय पानावर बसत नाही. "त्येंच्याआधी जेवूक माका कसातरीच वाटता," म्हणते. माझं सांगणं ती ऐकणार नाही, म्हणून बाबांनाच डॉक्टरांकडे सोबत नेतोय. तिने आधी जेवून घ्यावं हे त्यांच्या तोंडून आलं तर ती ऐकेल.