जुन्या डिझेल जीपवर पहिला पैसा कुठे घालावा: टायरवर की ब्रेकवर?

जुनी_जीप (सातारा)

माझ्याकडे महिंद्राची एमएम 540 आहे: 2112 सीसीचे एक्सडीपी 4.90 डिझेल इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, खाली कमानपाटे आणि हाय-लो गिअरचा ट्रान्स्फर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा). अशी गाडी घेतली की मित्रमंडळी सर्वांत आधी 31 इंची टायर, उंच पाटे आणि टर्बो सुचवतात. माझे मत याच्या उलट आहे. जी गाडी उतारावर भरवशाने थांबत नाही, तिची चढण्याची ताकद वाढवणे म्हणजे धोका विकत घेणे होय.

गेल्या पावसाळ्यात बामणोलीहून परतताना चार माणसे आणि सामान घेऊन मी यवतेश्वर घाट तिसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो. काही वळणांनंतर ब्रेकचे पेडल दर दाबाला थोडे अधिक खाली जाऊ लागले आणि शेवटी फळीला टेकले. मी गिअर दुसऱ्यात टाकला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराकडच्या चरीत चाक घालून गाडी थांबवली. उतरून पुढच्या ड्रमवर बाटलीतले पाणी शिंपडले, तर थेंब चरचरत उडून गेले. तापलेला ड्रम फुगतो आणि त्याला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या लायनिंगपासून दूर सरकतो. त्यात ब्रेक ऑइल जुने, वर्षानुवर्षे हवेतला ओलावा शोषलेले. म्हणून पहिला पैसा ब्रेकवर, नंतर रेडिएटर आणि स्टिअरिंगच्या जोडांवर, आणि टायरचा विचार त्यानंतर, असे माझे ठाम म्हणणे आहे.

काळी_माती (तासगाव)

आपण सुखरूप आहात याचे समाधान वाटले, परंतु निष्कर्ष मान्य नाही. भरलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घाट उतरली हे मूळ कारण आहे. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम याचसाठी आहे. आता टायरचे. उंच पाटे घातल्याने बॉडी वर जाते, ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा (चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) मात्र जिथल्या तिथेच राहतो. तो वर उचलणारी गोष्ट एकच, मोठे टायर. आमच्याकडच्या पाणंद रस्त्यांवर ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये हा गोळा मधल्या उंचवट्यावर टेकला की चारही चाके फिरत राहतात आणि गाडी जागची हलत नाही. अशा वेळी उत्तम ब्रेक काय कामाचे?

जुनी_जीप (सातारा)

गिअरची चूक माझीच होती. तरीही हिशेब करून पाहावा. मूळचा 6.00-16 टायर सुमारे साडेअठ्ठावीस इंच व्यासाचा असतो. 31 इंची घातल्यावर डिफरन्शियल व्यासातील फरकाच्या निम्मे, म्हणजे जेमतेम सव्वा इंच वर येते. त्या बदल्यात प्रत्येक गिअर सुमारे 9 टक्क्यांनी उंच होतो, म्हणजे चढाला ओढ कमी पडते आणि उताराला इंजिनाचा अटकाव तेवढाच घटतो. ती ओढ भरून काढण्यासाठी मग लोक पंपाचे डिझेल वाढवतात. गाडी काळा धूर ओकते, हेड तापते, आणि पुढची मागणी टर्बोची येते.

जांभा_सडा (पाटण)

दोघांच्याही बोलण्यात एक बाजू सुटली आहे, ती कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले की, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावीच लागते, आणि मडगार्डच्या बाहेर आलेली चाके तिथे कोणाच्याही नजरेतून सुटत नाहीत.

शिवाय गाडी कुठे घालणार, हेही पाहिले पाहिजे. आमच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, जांभ्यावर मातीचा अगदी पातळ थर असतो आणि पावसाळ्यातील सारी फुले त्यावरच येतात. ओल्या सड्यावर एकदा चाक गरगरले की तो थर सोलून निघतो. कोयना आणि चांदोली तर व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहेत. तिथे वाट सोडण्याचा प्रश्नच येत नाही. पाणंदही शेतकऱ्याची आहे, म्हणून भर पावसात ती उखणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

काळी_माती (तासगाव)

पाणंदीविषयीचे म्हणणे मनापासून मान्य आहे. आम्हीही वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती पुरेशी सुकल्याशिवाय, गाडी घालत नाही. 31 इंचाचा आग्रहही मी सोडतो. मात्र मूळ मापातच खोल नक्षीचे टायर आधी घ्यावेत, यावर मी ठाम आहे, कारण काळ्या मातीत गुळगुळीत टायरवर चिखल बसून त्याचा क्षणात गोळा होतो आणि मग ब्रेक दाबले तरी गाडी घसरतच राहते. हवा कमी करताना जपावे. आपले टायर ट्यूबचे आहेत. हवा फार उतरवली तर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून येतो.

जुनी_जीप (सातारा)

मूळ मापाचे, खोल नक्षीचे टायर हे मला पटले. ते ब्रेकच्या कामाबरोबरच घेईन. या आठवड्यात चारही ड्रम उतरवून टर्नरकडे आतला व्यास मोजून घेणार आहे. जास्त झिजले असतील, तर लायनिंगवर पैसे घालण्यात अर्थ नाही, नवे ड्रमच घ्यावे लागतील. मागच्या डाव्या ड्रममध्ये ॲक्सलचे ऑइलही उतरलेले दिसते, तेव्हा लायनिंगच्या आधी तिथले सील बदलावे लागेल.